जिवाणूंचा शत्रू शोधणारा भटका शास्त्रज्ञ

रुग्णालयातल्या कल्चर रिपोर्टमध्ये प्रतिजैविकांच्या नावांची एक यादी असते. प्रत्येक नावापुढे एक अक्षर असते. 'एस' म्हणजे रुग्णाच्या अंगातला जिवाणू त्या औषधाला दाद देतो आणि 'आर' म्हणजे दाद देत नाही. पूर्वी यादीत एखाद-दुसरा 'आर' असे. आता अतिदक्षता विभागातल्या काही रिपोर्टांमध्ये वरपासून खालपर्यंत 'आर'ची रांग दिसते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

अशा रुग्णांसाठी काही देशांतले डॉक्टर आज एका शंभर वर्षे जुन्या उपचाराकडे पुन्हा वळले आहेत. तो उपचार म्हणजे जिवाणूंनाच गाठून मारणारे विषाणू, अर्थात बॅक्टेरिओफेज. तो रुग्णांपर्यंत आणणारे शास्त्रज्ञ होते फेलिक्स देरेल. त्यांच्याकडे वैद्यकाची रीतसर पदवी नव्हती आणि हक्काची प्रयोगशाळा आयुष्यात फार थोडी वर्षे मिळाली. देशोदेशी भटकण्यात त्यांचा जन्म गेला. त्या भटकंतीत ते मुंबईलाही येऊन गेले.

टोळांपासून सुरुवात

देरेल यांचा जन्म 25 एप्रिल 1873 चा. ते स्वतः जन्मगाव कॅनडातले माँट्रियल असल्याचे सांगत. नंतरच्या अभ्यासकांना मात्र ते पॅरिसमध्ये जन्मल्याचे पुरावे मिळाले. तरुणपणी कॅनडात त्यांनी घरातच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि पुस्तके वाचून जंतुशास्त्र शिकून घेतले. मेपलच्या पाकापासून दारू कशी बनवता येईल, याचा अभ्यास हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. चॉकलेटच्या कारखान्यात पैसे घातले, तो कारखाना बुडाला. संसार चालवण्यासाठी मग त्यांनी मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात जंतुशास्त्रज्ञाची नोकरी पत्करली. तिथून ते मेक्सिकोला गेले.

मेक्सिकोत टोळधाड आली होती. टोळांमध्ये हगवणीसारखा एक आजार पसरून ते मरत असल्याचे देरेल यांच्या लक्षात आले. मेलेल्या टोळांमधून त्यांनी जिवाणू वेगळा केला आणि तो पिकांवर शिंपडून निरोगी टोळांमध्ये आजार पसरवता येईल का, हे पाहिले. रासायनिक कीटकनाशकांचे युग सुरू होण्यापूर्वीचा हा जैविक कीडनियंत्रणाचा प्रयत्न होता. अर्जेंटिनाने त्यांना बोलावून घेतले. पुढे उत्तर आफ्रिकेतही त्यांनी हे काम केले.

याच कामात त्यांना एक वेगळी गोष्ट दिसली. काचेच्या बशीत जिवाणूंचा दाट थर वाढला असताना मध्येच काही ठिकाणी गोल, स्वच्छ ठिपके पडत. तिथे एकही जिवाणू नसे. दुसऱ्या कुणी तो हाताळणीतला दोष समजून बशी फेकून दिली असती. देरेल यांनी त्याची नोंद ठेवली.

हगवणीच्या साथीत सापडलेले उत्तर

1915 साली पहिले महायुद्ध ऐन भरात होते. पॅरिसजवळच्या मेझाँ-लाफित गावी फ्रेंच घोडदळाच्या तुकडीत हगवणीची मोठी साथ आली. देरेल तेव्हा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होते. सैनिकांच्या शौचाचे नमुने त्यांनी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळले. जिवाणू या छिद्रांतून पार होत नाहीत. तरीही ते गाळलेले पाणी हगवणीच्या जिवाणूंच्या गढूळ द्रावणात टाकले, की काही तासांत द्रावण नितळ होई. त्या नितळ द्रावणाचा एक थेंब दुसऱ्या गढूळ द्रावणात टाकला, तर तेही नितळ होई. असे कितीही वेळा केले तरी परिणाम ओसरत नव्हता. एखादे रसायन असते तर ते दरवेळी विरळ होत जाऊन निकामी झाले असते. हे जे काही होते, ते वाढत होते. म्हणजे ते सजीवासारखे काहीतरी असले पाहिजे, असा तर्क देरेल यांनी केला.

रुग्ण बरा होऊ लागला, की त्याच्या शौचात हा अदृश्य घटक भरपूर सापडतो, हेही त्यांना आढळले. सप्टेंबर 1917 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीत त्यांचा निबंध वाचला गेला. या घटकाला त्यांनी नाव दिले बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणू खाणारा.

प्रत्यक्षात फेज जिवाणूला खात नाही. तो जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि आपला जनुकीय धागा आत सोडतो. मग जिवाणूची सारी यंत्रणा फेजच्या प्रती तयार करण्याच्या कामाला जुंपली जाते. बहुधा अर्ध्या-पाऊण तासात जिवाणू फुटतो आणि बाहेर पडलेले फेज शेजारच्या जिवाणूंवर तुटून पडतात. प्रत्येक फेजचे भक्ष्य ठरलेले असते. हगवणीच्या जिवाणूचा फेज आतड्यातल्या इतर उपयोगी जिवाणूंना हात लावत नाही, माणसाच्या पेशींनाही नाही.

इंग्लंडमधले फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी 1915 मध्येच असा परिणाम नोंदवला होता. त्यामुळे पहिला मान कुणाचा, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. नोबेलविजेते बेल्जियन शास्त्रज्ञ जूल बोर्दे यांना तर हा विषाणू आहे हेच मान्य नव्हते. जिवाणूंमधून स्रवणारे ते एक रसायन असावे, असे त्यांचे म्हणणे. देरेल यांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता. त्यांनी मित्रांपेक्षा विरोधक जास्त जमवले.

आधी कोंबड्या, मग मुले

देरेल यांनी उपचाराची पहिली मोठी चाचणी घेतली ती कोंबड्यांवर. 1919 मध्ये फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांमध्ये टायफॉइडसारख्या आजाराची साथ पसरली होती. शेतकऱ्यांच्या खुराड्यांत जाऊन त्यांनी नमुने घेतले. जगलेल्या कोंबड्यांमध्ये त्या आजाराच्या जिवाणूंना मारणारा फेज सापडला. तो वाढवून त्यांनी इतर कोंबड्यांना दिला आणि साथ आटोक्यात आल्याची नोंद केली. कोंबड्यांच्या एका आजाराला सामान्य शेतकऱ्याच्या अंगणात उत्तर मिळत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लहान मुलांच्या रुग्णालयात हगवणीने खंगलेला 12 वर्षांचा एक मुलगा दाखल होता. त्याला फेज पाजण्याआधी ते निर्धोक आहे याची खात्री करायची होती. देरेल यांनी स्वतः ते प्यायले आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही. मुलाला देण्याच्या मात्रेपेक्षा त्यांनी घेतलेली मात्रा बरीच जास्त होती. कुणालाही त्रास झाला नाही. मग मुलाला एक मात्रा दिली. त्याचे रक्ताचे जुलाब थांबले आणि काही दिवसांत तो बरा झाला. पुढच्या महिन्यात एकाच घरातले तीन भाऊ आले. त्यांची बहीण याच आजाराने घरी गेली होती. तिघेही वाचले.

1920 मध्ये देरेल फ्रेंच इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये गेले. तिथे त्यांनी म्हशींच्या घटसर्पावर काम केले. पावसाळ्यात गुरे पटापट मारणारा हा आजार आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. याच मुक्कामात उंदरांच्या विष्ठेतून त्यांनी प्लेगच्या जिवाणूला मारणारा फेज वेगळा केला. माणूस, कोंबडी, म्हैस, उंदीर असे कप्पे त्यांच्या कामात नव्हते. आज ज्याला 'वन हेल्थ' म्हणतात, म्हणजे माणूस, जनावरे आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार, तो त्यांच्या रोजच्या कामातच होता.

अलेक्झांड्रियाहून मुंबईला

काही काळ हॉलंडमधल्या लायडन येथे काढून देरेल इजिप्तला गेले. अलेक्झांड्रियात एक आंतरराष्ट्रीय आरोग्य मंडळ होते. सुएझ कालव्यातून जाणारी जहाजे आणि मक्केला जाणारे यात्रेकरू यांच्यामार्फत प्लेग व पटकी पसरू नये, म्हणून अनेक देशांनी मिळून ते चालवले होते. त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद देरेल यांना मिळाले. साथी बंदरांमधून कशा पुढे सरकतात, हे रोज डोळ्यांनी दिसण्याची ती जागा होती.

1925 मध्ये तिथे प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठींमध्ये त्यांनी थेट फेज टोचले. चारही रुग्ण बरे झाले. व्हिएतनाममधल्या उंदरांकडून मिळालेले औषध इजिप्तमध्ये कामी आले. ही बातमी ब्रिटिश सरकारपर्यंत पोहोचली. हिंदुस्थानात प्लेगने 1896 पासून लाखो बळी घेतले होते. देरेल यांना 1926 मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्लेगवर काम करण्यासाठी बोलावण्यात आले. त्यानंतर त्यांचा भर पटकीवर गेला.

पटकीसाठी त्यांनी कोलकात्याच्या कँपबेल रुग्णालयात आणि पंजाबातल्या खेड्यांत काम केले. सोबत ब्रिटिश आणि भारतीय सहकारी होते. पंजाबात फेज घेतलेल्या रुग्णांपैकी शंभरात सातच्या आसपास दगावले, तर न घेतलेल्यांपैकी साठाहून जास्त, असे त्यांचे आकडे सांगतात. गावांच्या विहिरींत फेज सोडण्याचेही प्रयोग झाले. पुढे आसामात याचा मोठा प्रयोग चालला. नौगाव भागात गावोगावी फेजच्या कुप्या वाटल्या आणि तुलनेसाठी हबीगंज भागात त्या दिल्या नाहीत. नौगावात पटकीचे मृत्यू घटले.

तरी या प्रयोगांतून ठाम निष्कर्ष निघू शकला नाही. पटकीची साथ काही वर्षे आपोआप ओसरते. कुणाला औषध द्यायचे आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात इतर फरकही असू शकत. मृत्यू घटले ते फेजमुळे, की साथच सौम्य होती, हे खात्रीने सांगणे अवघड होते.

बाजार, राजकारण आणि विस्मरण

1928 मध्ये देरेल अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे नाव तेव्हा शिखरावर होते. सिंक्लेअर लुईस यांच्या 'अॅरोस्मिथ' या गाजलेल्या कादंबरीचा नायक फेजने प्लेगशी लढणारा डॉक्टर आहे. नोबेलसाठी देरेल यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही.

दरम्यान युरोप-अमेरिकेतल्या औषध कंपन्यांनी फेजच्या बाटल्या विकायला सुरुवात केली होती. इथेच घात झाला. कोणता फेज कोणत्या जिवाणूवर चालतो, हे तपासण्याची तसदी बहुतेकांनी घेतली नाही. काही बाटल्यांमध्ये टिकाऊपणासाठी अशी रसायने घातलेली असत, की त्यांनी फेजच निकामी व्हावेत. जिवाणूंशी संबंध नसलेल्या आजारांवरही ही औषधे खपवली गेली. एका देशातली बाटली दुसऱ्या देशातल्या बाटलीशी जुळत नव्हती, कारण मोजमापाचे सर्वमान्य निकष कुठेच नव्हते. 1934 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या उपचाराचा कठोर आढावा छापून आला आणि डॉक्टरांचा विश्वास उडाला. थोड्याच वर्षांत आधी सल्फा औषधे आणि मग पेनिसिलीन आले. एकच इंजेक्शन अनेक जिवाणूंवर चालत असताना प्रत्येक रुग्णासाठी नेमका फेज शोधत कोण बसणार?

देरेल यांनी आपली शेवटची मोठी उमेद सोव्हिएत जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीवर ठेवली. तिथले जंतुशास्त्रज्ञ ज्योर्जी एलियावा पूर्वी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकायला आले होते आणि दोघांची दाट मैत्री जमली होती. एलियावांनी तिबिलिसीत जंतुशास्त्राची संस्था उभारली होती. 1933 ते 1935 या काळात देरेल तिथे जाऊन राहिले, शिकवले, पुस्तक लिहिले. कायम तिथेच राहण्याचा त्यांचा विचार होता. पण 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीने एलियावांना देशद्रोही ठरवून गोळ्या घातल्या. देरेल पुन्हा कधीच तिबिलिसीला गेले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला. देरेल कॅनडाचे नागरिक म्हणून शत्रुपक्षाचे ठरले आणि त्यांना फ्रान्समध्ये नजरकैदेत दिवस काढावे लागले. तिथे त्यांनी आठवणी लिहिल्या. याच काळात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेजचे पहिले चित्र मिळाले आणि तो विषाणूच असल्याचे सर्वांना दिसले. बोर्दे यांच्याशी झालेल्या वादात बरोबर कोण होते, हा प्रश्न संपला. 22 फेब्रुवारी 1949 रोजी पॅरिसमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने देरेल यांचे निधन झाले. तेव्हा पेनिसिलीनचा गौरव सर्वत्र चालू होता आणि त्यांचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नव्हते.

जिवाणूंनी मधल्या काळात काय केले?

पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल स्वीकारतानाच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जिवाणू त्याला सरावतील. झालेही तसेच. 1950 च्या सुमारास अमेरिकेत कोंबड्या आणि डुकरे लवकर वजनदार व्हावीत, म्हणून खाद्यात रोज थोडे प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा सुरू झाली. फ्लेमिंग यांनी ज्याची भीती घातली, तेच हजारो गोठ्यांत आणि खुराड्यांत रोज घडू लागले. जपानमध्ये 1950 च्या दशकात एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे हगवणीचे जिवाणू सापडले. ही प्रतिकारशक्ती एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडेही जाते, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणजे जनावराच्या आतड्यात तयार झालेली ही ताकद माणसाच्या आजारापर्यंत पोहोचू शकते.

त्याचे ताजे उदाहरण म्हणजे कोलिस्टिन. इतर सर्व औषधे हरली, की वापरायचे हे शेवटचे हत्यार. 2015 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही कोलिस्टिनला दाद न देणारे जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. त्यांच्यातला जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारा होता. काही महिन्यांत तोच जनुक अनेक देशांत आढळला. भारताने 2019 मध्ये खाद्य देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. युरोपीय संघाने वजनवाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे 2006 पासून पूर्ण थांबवले. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि पशुआरोग्याची जागतिक संघटना आता या प्रश्नावर एकत्र काम करतात. एका देशाने नियम पाळले आणि शेजाऱ्याने नाही, तर मांस, प्रवासी आणि सांडपाणी यांच्यासोबत जिवाणू सीमा ओलांडणारच.

देरेल यांचा वारसा या काळात जिवंत राहिला तो तिबिलिसीत. एलियावांच्या हत्येनंतरही तिथली संस्था बंद पडली नाही. साऱ्या सोव्हिएत संघाला आणि त्याच्या सैन्याला तिने दशकानुदशके फेज पुरवले. पण ते ज्ञान बहुतांशी रशियन भाषेत आणि शीतयुद्धाच्या भिंतीआड राहिले. पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी ते वाचले नाही, वाचले त्यांनी विश्वास ठेवला नाही. सोव्हिएत संघ फुटल्यावर वीजटंचाईत तिथल्या शीतपेट्या बंद पडू लागल्या आणि जपून ठेवलेल्या फेजपैकी काही नष्ट झाले. आज ही संस्था एलियावांच्या नावाने ओळखली जाते. सगळी औषधे थकलेले परदेशी रुग्ण तिथे जातात, भारतातलेही काही गेले आहेत.

2015 मध्ये अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांना इजिप्तच्या प्रवासात असा संसर्ग झाला, की कोणतेच प्रतिजैविक चालेना. ते बेशुद्धीत गेले. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्यांच्या जिवाणूवर चालणारे फेज शोधून दिले. ते शिरेवाटे दिल्यावर ते वाचले. बेल्जियममध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णापुरता फेज तयार करून देण्याची सोय 2018 मध्ये झाली. मांसावरचे लिस्टेरिया जिवाणू मारण्यासाठी फेजची फवारणी अमेरिकेने 2006 मध्येच मंजूर केली होती.

तरीही फेज हा सर्व दुखण्यांवरचा उतारा समजणे चुकीचे ठरेल. प्रत्येक जिवाणूसाठी वेगळा फेज लागतो आणि तो आधी प्रयोगशाळेत तपासावा लागतो. जिवाणू फेजलाही चुकवायला शिकतात, म्हणून अनेक फेज एकत्र द्यावे लागतात. काही फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत दडून बसतात, ते उपचाराला उपयोगी नसतात. मोठ्या, काटेकोर चाचण्या अजून थोड्याच झाल्या आहेत. आपल्याकडे हे औषध दुकानात मिळत नाही, आणि कुणी तसे सांगून विकत असेल तर ते घेऊ नये.

हाताशी असलेली प्रतिजैविके टिकवणे मात्र आजच शक्य आहे. सर्दी-पडसे आणि साधा घसा दुखणे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत आणि दुसऱ्याला देऊ नयेत. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आणि दिवस पाळावेत. गाय, म्हैस किंवा कोंबड्यांना औषध द्यायचे तर पशुवैद्याला विचारूनच द्यावे. औषध दिल्यावर जितके दिवस दूध, मांस वा अंडी विकायची नाहीत असे सांगितले असेल, तितके दिवस थांबावे. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घेतली, तर गुरांना प्रतिजैविक देण्याची वेळच सहसा येत नाही.

देरेल यांनी गोळा केलेले नमुने टोळांचे होते, कोंबड्यांचे होते, सैनिकांचे आणि यात्रेकरूंचेही होते. त्यांतले जिवाणू आणि फेज कोणत्याच देशाचे नव्हते. पटकीच्या कुप्या आसामच्या खेड्यांत पोहोचल्या तेव्हा त्यामागे फ्रान्स, इजिप्त आणि हिंदुस्थान अशा तिन्ही ठिकाणचे काम होते. ती साखळी एकदा बाजाराने आणि एकदा राजकारणाने तुटली. ती पुन्हा जोडायला जगाला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली आणि तेवढ्या काळात जिवाणू बरेच पुढे निघून गेले.